बुटांचं पॉलिश

आज मुलाच्या एनसीसीच्या बुटांना पॉलिश लावलं आणि त्या वासानं मला थेट उंब्रजच्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात नेऊन बसवलं.

दुप्पट पैशांची स्कीम घेऊन आलेला एजंट दारात बूट काढत होता. बूट कसले, आरसेच. आत येऊन त्यानं अप्पांना कडक सॅल्यूट ठोकला.

"जय हिंद, साहेब! मीबी फौजीच."

सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या आमच्या अप्पांनी पलटण कुठली, एवढंही विचारलं नाही. फॉर्म पुढं ओढला.

"आवं, वाचून तरी सही करा," आई म्हणाली.

"फौजी फौजीला फसवत न्हाई. तू चहा बघ."

एजंट हसला. मीही हसले, आईला.

पेन्शनीची सगळी पुंजी घेऊन तो गेला तो गेलाच. आईनं मात्र पुढं कधी चकार शब्द काढला नाही. मला तो तिचा मोठेपणा वाटायचा.

बारा वर्षांनी विश्रामबागेतल्या दवाखान्यात नर्सनं ऑपरेशनचा कागद आणला. साखरेनं नजर गेलेले अप्पा सहीची जागा बोटांनी चाचपडत होते. आई सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे म्हणाली,

"आवं, वाचून सही करा."