पंख्यामागचं सूत

स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. सिरोंच्याला बांबूच्या ठेकेदाराची मोटरबोट गोदावरीत आमच्या जाळ्यांवरूनसुद्धा पळायची. त्याविरुद्ध मी पत्रकं वाटली होती. बाबा आदल्या संध्याकाळी मासे धरायला गेले ते परतले नव्हते. पलीकडे आत्याकडे थांबले असतील, असं आई म्हणत होती.

बोट रात्रीच नदीतून परतली होती आणि सकाळी काठावर ठेकेदार चिडला होता. मोटरीच्या खालच्या भागातून तेल गळून पाण्यावर पसरत होतं. मिस्त्रीनं पंखा काढला. मागच्या दांड्याला सूत घट्ट गुंडाळलं होतं. तेल अडवणारं रबर त्यानंच कापलं होतं.

सूत काळपट तांबडं होतं. जाळं कुजू नये म्हणून आई सूत ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळायची. तसा रंग गावात दुसऱ्या कोणाचाच उतरत नसे.

"काप ना चाकूनं! काऊन थांबून राह्यला?" ठेकेदार ओरडला.

"शेठ, हे यायच्या घरचं सूत हाय," मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाला.

"चाकू लावसान तं मोटरच नदीत टाकतो," मी म्हणालो आणि एकेक वेढा सोडवत बसलो.

आई मागं येऊन उभी राहिली होती. तिनं ते तेलकट सूत पदरात घेतलं. आत्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.