गोमाजी आजोबाचं शिवनाचं लाकूड

नाव तूच लिहून टाक वरतं, बेटा. माह्या तोंडातून नाही निघत. भासरे होते ते माहे, तुह्या आजोबाचे मोठे भाऊ. आपल्या आसगावात सून भासऱ्याचं नाव घेत नाही, त्याईच्या समोर पदर ढळू देत नाही, आन् बोलत तं नाहीच. तेही बोलत नाहीत. तुले हासू येईन आता, पन तवा असंच होतं.

सासू होती तवा बरं होतं. मी सासूले सांगो, सासू त्याईले सांगे. सासू गेली, मंग मधात कोनी राहिलं नाही. तुहे आजोबा भिलाईले कारखान्यात. होळीले येत आन् धान चुराच्या, मळनीच्या वक्ती येत. बस्स. मले तवा लेकरू नव्हतं. भासऱ्याची बायको रुखमा, ती माह्या लग्नाच्या आंधीच पहिल्या बाळंतपनात गेली, लेकरूही गेलं. घरात आमी दोन मानसं आन् एक गाय, चांदी.

मंग सारं गाईलेच सांगाचं. ते बाहेर सपरीत, ओसरीवर बसून म्हनत, "चांदे, भात झाला का व?" मी आतून म्हनो, "चांदे, वाढला आहे." घरातली एक गोष्ट अशी नाही का त्या गाईले माहीत नव्हती.

त्याईले लाकडाचा नाद होता. सुतार नाही ना आपन, कुनबी. पन बायको गेल्यावर घरात जीव लागे ना, तं टिकाराम सुताराच्या आंगनात जाऊन बसत. पुरा एक उन्हाळा नुसते पाहत बसले. मंग पवनीच्या बाजारातून वाकस, आरी, रंधा घेऊन आले. धान निघालं का चार महिने हात रिकामे. सपरीत घराकडं पाठ करून बसत, आन् कधी पाट, कधी चाटू, कधी पोळपाट. अंगावर सारा भुसा. हात चालू असले का चेहऱ्यावरचं दुख कसं उतरून जाये त्याईच्या. मी दाराच्या फटीतून पाहो.

टिकाराम येता-जाता टोमना मारे, "काहून जी पाटील, माह्या पोटावर उठले काय?"

"तुह्या पोटावर उठाले मले आंधी नांगर कराले यावा लागन. मी आपला चाटूवाला."

"मंग इकत काहून नाही?"

"इकला तं ते काम झालं, टिकाराम. काम वावरात लय आहे."

आन् दरसाल एक नंदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडं तान्हा पोळा राहते ना, लेकरं लाकडाचे बैल घेऊन तोरनाखाली जातात. आमच्या घरात लेकरू नाही, तरी हे नंदी करत. चाकाचा, शिंगाले रंग लावलेला. आन् स्वतः काखेत धरून नेत. एवढ्या मिशावाला मानूस लेकराईच्या रांगेत उभा! बाया पदराआड हासत. तोरन तुटलं, पोळा सरला का ज्या लेकराजवळ बैल नसन त्याले देऊन टाकत, आन् रिकाम्या हातानं घरी येत.

मी तांदूळ निसत आत बसो, आन् बाहेर रंधा चाले, सर्र सर्र. मले वाटे, आहे बा घरात कोनी.

आनीबानी उठली त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. शिवनाचा एक चांगला ठोकळा त्याईनं जंगलातून आनला होता. शिवन हलकं राहते, नंदीले चांगलं. एक वर्स सावलीत ठेवला, मंग मी नसताना चुलीवरच्या माळ्यावर टाकला, का धुरानं कीड लागू नाही. गाईले सांगलंही होतं त्याईनं, "चांदे, चुलीवरचं लाकूड जळतनाचं नाही, सांगजो." शेजारच्या शकुंतलाबाईनं ऐकलं. मी ऐकलं नाही. मी धुनं घेऊन तळ्यावर गेली होती.

श्रावनात तीन दिवस झड लागली. जळतन ओलं, गोवऱ्या ओल्या, चूल पेटे ना. वरतं पाहतो तं कोरडं खडखडीत लाकूड! मले इतकं बरं वाटलं बेटा. मले वाटलं, भासऱ्यानं झडीसाठी माह्या करता ठेवलं. बोलत नाहीत, पन ध्यान आहे. कुऱ्हाडीनं चार फाका केल्या आन् भात रांधला.

ते वावरातून भिजून आले. अंग शेकाले चुलीच्या दारापर्यंत आले आन् थांबले. एक फाक अजून पुरी जळाची होती. तिच्यावर कोळशानं शिंगाची रेघ काढली होती. ती मले तवा दिसली.

"चांदे..." येवढंच म्हनले. त्याच जाळावरचा भात खाल्ला, सारा खाल्ला, आन् उठले.

दुसऱ्या दिवशी हत्यारं तेल लावून पोत्यात बांधली. तान्ह्या पोळ्याले घराबाहेर गेले नाहीत. मी आतून किती वेळा म्हनलं, "चांदे, चुकलं माहं." गाय आपली रवंथ करे. मंग एक दिवस ते म्हनले, "चांदे, धान निघालं का मी एकोडीले जातो, बहिनीकडं. अठी माहं काय आहे?"

ते गेले तं घरात मी एकटी. आन् ते गेले तं कायनं गेले, माह्या हातानं.

शकुंतलाबाई म्हने, "सरळ बोल ना त्याईले!"

"भासऱ्यासंगं? अन् उद्या तूच गावभर सांगशीन."

"सांगन तं! नवी गोष्ट आहे ते."

दिवाळी झाली, धान निघालं. तुह्या आजोबाले त्या साली सुट्टी भेटली नाही. मी बायाईसंगं जंगलात गेली आन् शिवनाचा ठोकळा डोक्यावर घेऊन आली. बाया म्हनत, "जळतनाले शिवन? राजाची रानी झाली काय व?" सपरीत नेऊन ठेवला. त्याईनं पाहिलं. हात लावला नाही. चार दिवस तसाच पडला. सोमवारी जाचं म्हनून त्याईची गठडी बांधून तयार.

रविवारी दुपारी मी पोतं सोडलं, वाकस काढला, आन् त्याईच्याकडं पाठ करून ठोकळा पायात धरला. पहिला घाव जमिनीवर.

"चांदे, पाय जाईन म्हना."

मी मारला दुसरा.

"चांदे, ओलं आहे ते. फाटन."

मी तिसरा मारला. वाकस सटकला आन् जोडव्यावर खन् वाजला.

"थांब व बाई!"

गाय तं तिकडं कुटार खाऊन राहिली होती. हे मले होतं. मी तशीच बसली, वाकस हातात. तेही उभेच. मंग डोक्याले काही न गुंडाळता तळ्याकडं निघून गेले. मी म्हनलं, झालं, आता लाजेनं आजच जातीन. भात थंडा झाला.

दिवेलागनीले आले. माह्याकडं पाहिलं नाही. शेन घेतलं, ठोकळ्याच्या दोन्ही तोंडाले लिंपलं का वाळताना फाटू नाही, आन् सपरीच्या कोपऱ्यात सावलीले ठेवला. हात धुतले. म्हनले, "चांदे, याले एक वर्स सावलीत, एक वर्स धुरात. दोन वर्स कोनी हात लावाचा नाही."

मी आत बोटं मोजली. दोन वर्स.

"चांदे," मी म्हनलं, "जळतन मी अलग रचतो."

त्याईनं गठडी सोडून धोतर वलनीवर टाकलं. सोमवारी सकाळी रंध्याचा आवाज आला, कोन्या तुटक्या फळीचा चाटू करून राहिले होते. सरळ बोलनं मंग परत कधी झालं नाही, त्याईचं नाही आन् माहं नाही. मी चूल पेटवाले बसली. जंगलातून नवं आनलेलं जळतन, ओलंच होतं, लय वेळ लागला.