मंगळवारची धाप

धाप लागणाऱ्या माणसांकडे किस्से फार साचतात. सांगायला घेतला की निम्म्यावर दम संपतो आणि उरलेला पुढच्या मंगळवारावर जातो. दर मंगळवारी कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही फुफ्फुसाचे जुने पेशंट व्यायामाला जमतो. मी बायोकेमिस्ट्रीचा निवृत्त प्राध्यापक. मला किस्से सांगता येतात की नाही, शंकाच आहे. पण लिहिताना तरी धाप लागत नाही. अजून तरी!

*

पहिल्याच दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडमनी समजावलं, की सूज फक्त श्वासनळ्यांत नाही. तिथली धग रक्तातून अंगभर फिरते. स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही ताप. म्हणून मांड्यांचा व्यायाम.

दत्तोबा जन्मभर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत होता. तो आपल्या मांडीकडे बघत म्हणाला, "धूर खाल्ला छातीनं, आणि मार हिला व्हय?"

माझी पीएचडी याच विषयातली. मी गुपचूप स्वतःची मांडी चाचपून बघितली.

*

गंगाक्का कागलच्या पलीकडच्या. आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण चूल सुटली नाही. फुफ्फुसाची ताकद मोजायच्या मशीनमध्ये फुंकायची वेळ आली. आम्ही सगळे तिथं खोकून बेजार होतो. अक्कांनी एका दमात, न थांबता, नळीत फुंकलं. टेक्निशियन खूश. पद्धत एक नंबर, रिपोर्ट मात्र वाईट.

"फुंकायला चुलीनंच शिकवलंय की," अक्का म्हणाल्या. "फी तेवढी ज्यादा घेतली."

*

आता माझं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन माझ्या खिशात कायम असतं. एकदा आकडा खाली, मग आणखी खाली! रिक्षा करून दवाखाना गाठला. मॅडमनी माझ्याच मशीनवर पुन्हा बघायला लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सर, आकडा बघताना श्वास घ्यायचा असतो."

*

दत्तोबाच्या भाचीचं लग्न हातकणंगल्यात ठरलं. तिला त्यानंच लहानाचं मोठं केलेलं. खोलीतून मंडपापर्यंत नवरीला मामानं आणायचं, आणि कार्यालय भलतंच लांबलचक. घरचे म्हणाले, दत्तोबाच्या जागी त्याच्या धाकट्या चुलतभावाला उभं करू. दत्तोबाचं तोंड उतरलं. मॅडम म्हणाल्या, चाचणी घेऊ, सहा मिनिटं न थांबता चालून दाखवा.

दत्तोबा दवाखान्याच्या व्हरांड्यात चालू लागला. पहिल्याच वळणावर त्याच्या गावचा, उचगावचा कुणीतरी भेटला. "काय मामा, हिकडं कुठं?" दत्तोबा थांबला. ऊस, म्हैस, सूनबाई सगळं झालं. पुढच्या वळणावर आणखी एक. तिसऱ्याशी बोलता बोलता दम संपला आणि तो बाकावर बसला.

मॅडम वैतागल्या. चालताना बोलायचं नाही, हे बजावलं होतं ना?

"वळखीचं माणूस समोर आलं आणि मी मुक्यानं गेलो, तर लगीन लांब ऱ्हायलं, गावात तोंड दावता यायचं न्हाय."

*

लग्नाला आम्ही सगळे गेलो. दत्तोबानं हट्ट सोडला नव्हता, तरी घरचे अजून चुलतभावाला फेटा बांधून तयार ठेवून होते. गंगाक्का कार्यालयाच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या एकेका पाहुण्याला दम भरू लागल्या, की मामा मंडपात पोचेपर्यंत कुणी हाक मारायची नाही, हात करायचा नाही, बरं हाय का म्हणायचं नाही. त्यांनी बँडवाल्यालाही सोडलं नाही.

दत्तोबा भाचीचा हात धरून निघाला. दोन्ही बाजूंना अख्खा गाव उभा, आणि सगळे चिडीचूप! एक म्हातारा तर तोंडात टॉवेल कोंबून उभा होता. दत्तोबा डावीकडे बघे, उजवीकडे बघे, कुणी बोलेना, म्हणून पुढे चाले. मी खिशातलं मशीन घट्ट धरलं होतं. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं, "सर, श्वास."

दत्तोबा अंतरपाटाशी पोचला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे ओठांचा चंबू करून त्यानं सावकाश दम सोडला. मग वळून सगळ्या मंडपावर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"का रं, लगीन हाय का मयत?"