पेन्सिलीची फुली

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काकूंनी सव्वीस वर्षं पाली सांभाळल्या. "घरच्या भिंतीवरच्या फुकट, तिथल्यांचा मात्र पगार," असं म्हणून नवरा स्वतःच हसायचा. काकू डबा भरत राहायच्या.

पालीचं अंडं उलटवलं तर आतला जीव जातो. म्हणून काकू प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने हलकीशी फुली काढायच्या. नव्याने आलेल्या संशोधक मुलीला हे सांगायचं राहून गेलं. नातीला ताप आला म्हणून काकू दोन दिवस घरी होत्या. परतल्या तेव्हा मुलगी उत्साहाने म्हणाली, "काकू, त्या दोन अंड्यांवर डाग होते. सगळीकडून पुसून लख्ख करून ठेवलीत."

सगळीकडून पुसायचं म्हणजे अंडी फिरवली असणार. त्या दोन अंड्यांसाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, तीन वर्षं थांबल्या होत्या. साध्या पालीच्या बोटाखाली लांबवर आडव्या पट्ट्या असतात. पट्ट्यांवरच्या केसाहून बारीक लवेने ती भिंत धरते. या जातीला पट्ट्या फक्त बोटांच्या टोकाला, दोन पाकळ्यांसारख्या. अंड्यात त्या टोकालाच उगवतात, की मधे उगवून पुढे सरकतात? ते बघायला दोन्ही अंडी फोडायची ठरली होती.

काकूंनी अंडी न हलवता खालून बॅटरी धरली. एकात लाल धागे दिसले आणि बारीकशी हालचाल. दुसऱ्यातले धागे फिकट पडले होते.

"मी मारलं," मुलगी म्हणाली.

"तू पुसलंस. सांगितलं नव्हतं मी. निम्मं तुझं, निम्मं माझं. आता डोळे पूस आणि बाईंना बोलाव."

बाई आल्या. गेलेलं अंडं त्यांनी लगेच उघडलं आणि सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "काकू, बघा जरा."

वल्ह्यासारखा चपटा, एवढासा पंजा. बोटं सगळी गुळगुळीत. फक्त प्रत्येकाच्या टोकाला दोन पुसट घड्या. नातीच्या जन्माच्या दिवशी तिची नखं बघितली होती, तशाच काकू बघत राहिल्या.

"टोकालाच उगवतात तर," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. आणि नेमका त्या उगवायला लागल्याचाच दिवस मिळाला."

"मग दुसरं?" काकूंनी नजर खाली ठेवूनच विचारलं. सव्वीस वर्षांत त्यांनी बाईंकडे काही मागितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला. "राहू दे ते."

काकूंनी एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली आणि मुलीच्या हातात दिली. "आता जसं आहे तसंच, वरच्या अंगाला. जोर देऊ नकोस."

मुलीने श्वास रोखून फुली काढली.

महिन्याभराने त्या फुलीलाच तडा गेला. ओलसर, बोटाच्या पेराएवढं पिल्लू बाहेर आलं आणि काचेवर सरळ चढलं. काकू गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या, काचेच्या अलीकडून त्याची बोटं मोजायला लागल्या.

"काकू, वीसच असणार," मुलगी म्हणाली.

"असू दे. मोजते मी."