भर दुपारची तिन्हीसांज

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती...

माझे वडील डहाणू रोडला रेल्वेत, म्हणून शेजारच्या धाकटी डहाणू गावचा वसंत मला चिडवून ‘टेसनवाल्या’ म्हणायचा. जगात फक्त तोच. आमचं प्रेम होतं — दोस्तांचं असतं तसं नव्हे, नवराबायकोचं असतं तसं.

त्याच्या आईने एकदा खाडीवर मला बजावलं होतं, “तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नको रे पोरा. दुसरी येऊ दे, तिसरी येऊ दे.” मी हसलो होतो. वसंत हसला नव्हता.

नव्वदच्या आसपास मी मालवाहू जहाजावर नोकरीला होतो. स्पेनमधल्या कादिस या जुन्या बंदरात जहाज लागलं, त्याच आठवड्यात इकडे वसंतचं लग्न होतं. जेवणं उरकून मी एकटाच शहरात शिरलो. दुपारच्या झोपेची वेळ, दुकानं बंद, गल्ल्या सुनसान. समुद्राकडच्या तटावर दोन पुरुष बसलेले, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर... भर उन्हात, बिनधास्त! मला रडूच फुटलं. वसंतला इथे आणायचं, लग्नाआधी, काहीही करून — पण कसं?

तेवढ्यात मागून, “ए टेसनवाल्या!”

त्याचाच आवाज. वळलो, तर गल्लीत कुणी नाही. दुसरी हाक येईना. म्हटलं, डोक्यावर ऊन आहे, तिन्हीसांज कुठली? आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, “ओऽऽ!” तटावरचे दोघे दचकून बघत राहिले.

जहाजावर परतल्यावर लक्षात आलं, तिथली दुपार म्हणजे इकडची तिन्हीसांज.

सुट्टीवर आलो तेव्हा वसंतचं लग्न होऊन गेलं होतं. मी कादिसचं काही सांगायच्या आधी तोच बोलला. हळदीच्या आदल्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी त्याची होडी उलटली. बुडताना त्याने एकदाच मला हाक मारली. अंधारातून माझी ओ आली, आणि तो त्या दिशेला हात मारत काठाला लागला. दिवस ताडून बघितला — तोच.

आत त्याची बायको भाकऱ्या थापत होती. तो हळूच म्हणाला, “कशाला ओ दिलीस रे?”

आवाज तिथून इथे कसा पोचला, मला अजून कळलेलं नाही. मी खाडीवर जातो. तो जाळं विणत बसलेला असतो, मला बघतो... हाक मारत नाही.

एकच मारली तरी मी ओ देईन.