चौकशी राहिली होती

मी मेथी निवडत होते आणि फोनवर माझ्या नवऱ्याची नोकरी जात होती.

सकाळचे आठ वाजले होते. कणीक मळून ठेवलेली, मटकी कुकरला लावलेली. शिवाजी पेठेतले वीस डबे दहाच्या आत पोचवायचे होते.

हे ओट्यापाशीच उभे. फोन स्पीकरवर.

"विजय, लेबलांची दुरुस्ती केलीच नाहीस तू."

"केलीय साहेब. मंगळवारीच. गिटमध्ये बघा की."

"गिट गेलं खड्ड्यात. मशीनवर नाही, म्हणजे केली नाही. चौकशी होईपर्यंत घरी बस."

फोन बंद. दहा वाजता लॉगिनही बंद.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हे साहेबांच्या हाताखाली कॉम्प्युटरचं काम बघायचे. मालावर चिकटवायची लेबलं ज्या सॉफ्टवेअरमधून निघायची, ते यांनी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशीनांवर बसवलं होतं. गिटमध्ये बदल लिहिला की तो आपोआप चालू सिस्टिमवर जायचा. हाताने काही करायचं नाही.

त्या आठवड्यात लेबलं चुकीची छापली गेली. गाडीभर माल परत आला.

मी दहावी शिकलेली. मला त्यांनी हे सगळं स्वयंपाकघरातच समजावलं होतं. भिंतीवर माझी डब्यांची यादी असते, तिच्याकडे बोट दाखवून.

"गिट म्हणजे ही यादी. एक पहारेकरी सारखा यादी बघत बसलाय. यादी बदलली की तीन मिनिटांत डबा बदलतोय. आणि कुणी यादी सोडून डब्यात हात घातला, तर तो परत यादीपरमाणं करून टाकतोय."

"आणि पहारेकऱ्यालाच कुणी झोपवला तर?"

हसले. "हुशार हायस की! मग मला आन् मालकांना मेल जातोय. कुणी झोपवला, त्याच्या नावासकट."

झालं होतं तेच.

सोमवारी हे रजेवर होते. पेठ वडगावला भाचीचं लग्न. त्याच दिवशी कारखान्यात मोठं गिऱ्हाईक आलं. साहेबांनी त्याला दाखवायला चालू सिस्टिममध्ये हाताने बदल केला. पहारेकऱ्याने तो पुसला. परत केला. परत पुसला.

तिसऱ्यांदा साहेबांनी ऑटो-सिंकच बंद केलं, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवलं.

आणि चालू करायला विसरले.

मंगळवारी यांनी दुरुस्ती गिटमध्ये टाकली. ती तिथेच पडून राहिली.

"सोमवारचा मेल मी उघडायला पायजे होता. तेवढी चूक माझी," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, मग सांगा की सगळ्यांना!"

"माणसाच्या माघारी बोलायचं न्हाय. मालकांकडं मेल हाय. चौकशीत निघंल सगळं."

शर्टाला इस्त्री करून ठेवली होती चौकशीसाठी. दीड महिना हँगरला होता.

बोलावणं आलं नाही. अटॅक आला.

रक्षाविसर्जनाला साहेब चार शब्द बोलायला पुढे झाले. सगळी भावकी, सगळी पेठ उभी. म्हणाले, "विजय गुणी माणूस. शेवटी एक मोठी चूक झाली त्याच्याकडून, पण कंपनीने मोठ्या मनाने माफ केली."

माफ केली.

मी नंतर गाठून विचारलं, कसली चूक? तर म्हणतात, "राहू द्या वहिनी. टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्या क्षणी मी ठरवलं, ह्या माणसाला सोडायचं नाही. पण कळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

वर्षभर डबे गेले की दुपारी यांचा लॅपटॉप घेऊन बसले. यांच्या हाताखाली काम केलेली स्नेहल रविवारी यायची, अडलेलं सांगायची. एकदा फाइलमध्ये ओळीच्या आधी एक मोकळी जागा जास्त सुटली. दोन दिवस काही चालेना. मी लॅपटॉपला शिव्या घातल्या.

"काकू, लॅपटॉपला मराठी कळत न्हाई," स्नेहल म्हणाली.

"मग तू सांग त्याला!"

लॅपटॉपवरच छोटा क्लस्टर उभा केला. त्यावर माझ्या डब्यांची यादी. गिटमध्ये मेथी खोडून पोकळ्याची भाजी लिहिली, तीन मिनिटांत पडद्यावर पोकळा. मग मी मुद्दाम ऑटो-सिंक बंद केलं आणि गिटमध्ये वांगं लिहिलं.

अर्धा तास बघत बसले. पोकळा तो पोकळाच.

साहेबांनी काय केलं ते मी माझ्या हाताने करून बघितलं. आता मला कळत होतं.

काल वर्षश्राद्ध झालं. साहेब आले, पंगतीला बसले, जेवले. उठताना सासूबाईंना म्हणाले, "आजी, ते जुनं आम्ही केव्हाच विसरलो."

ते गेल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा विचारलं.

"माझ्या पोरानं खरंच चूक केलती व्हय गं?"

काही जण म्हणतील, गेलेल्या माणसाच्या नावाने सूड कशाला. कशाला म्हणजे? ज्याचा आहे त्याच्याच नावाने घेणार ना.

अहो, तुम्ही कुणाच्या माघारी बोलला नाहीत. मीही बोलले नाही. आता निवांत व्हा. निरोप देते.

आज सकाळी मी कारखान्यात गेले. मालकांना म्हटलं, त्या सोमवारचा मेल उघडा. त्यांच्याच कॉम्प्युटरवर निघाला, वर्ष उलटलं तरी न उघडलेला. साहेबांना बोलवायला लावलं. ऑटो-सिंक कोणी बंद केलं, ते नाव त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलं. मेलची प्रिंट घेतली. मग साहेबांना रिक्षात घालून घरी आणलं, सासूबाईंच्या समोर बसवलं, आणि परत एकदा वाचायला लावलं.