याडीच्या हातांचा वास

"हात दाखव बरं. वास येतो का पाहू."

टेबलावरचा पाहुणा हसत म्हणाला. रविवारची दुपार होती. नागपूरहून आलेली आठ माणसं बसली होती. मी त्यांच्यापुढं वाइन लिस्ट उघडून उभी होते. मालक माझ्या मागंच होते. ते म्हणाले, "दाखव ना बेटा. लाजते काय?"

यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या वावरांमध्ये, महामार्गाला लागून हे स्टेकहाउस आहे. मांसाचा जाड तुकडा निखाऱ्यावर भाजून लाकडी पाटावर देतात. त्यासाठी लोक तीन-तीन तास गाडी चालवत येतात. वाइन लिस्टला चामड्याचं वेष्टन आहे. परदेशी नावं मला वाचता येतात, म्हणून ती घेऊन टेबलाशी जायचं काम माझं. मी एम.ए. झालेली आहे. कोणी विचारत नाही.

शेवटच्या पानावर वाइन नाही, मोहाची दारू आहे. परराज्यातल्या कारखान्यातून सीलबंद बाटलीत येते. तिच्याखाली एक ओळ छापली आहे: 'तांड्यावरच्या एका आईच्या हातांना आयुष्यभर मोहाचा वास यायचा. ती आई आमच्या इथल्या मुलीची.'

ती ओळ माझी आहे. म्हणजे मी ती बोलले होते.

चैत्रात माझी याडी गेली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. मोहाची फुलं गळत होती तेव्हा. बाप मी लहान असतानाच गेला होता. भाऊबहीण नाही. रजा मागायला गेले तर मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "काय झालतं आईले?" असं त्या दिवसांत मला दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. मी रडले नाही. एवढंच म्हणाले की तिच्या हातांना मोहाचा वास यायचा, साबणानंही जायचा नाही. दिवस करून परत आले, तोवर ते छापून आलं होतं.

दोन महिने ते पान उघडून दाखवत राहिले. घरी जायचं, कुलूप काढायचं, एका माणसाचा भात लावायचा. वाटायचं, निदान इथं तरी तिची आठवण निघते.

असं वाटत होतं, याची मला आज लाज वाटते.

पाहुण्यानं माझ्या हातासाठी स्वतःचा हात पुढं केला. आणि मला तो बाजार आठवला.

मी सातवीत होते. याडी हातभट्टी लावायची. माझी पुस्तकं त्यातूनच यायची. त्या दिवशी पोलिसांनी सडव्याचं, म्हणजे आंबवलेल्या मोहाचं, मडकं तिच्याच डोक्यावर ठेवलं आणि तिला भर बाजारातून ठाण्याकडं चालवलं. पावलापावलाला आंबलेलं पाणी तिच्या तोंडावरून ओघळत होतं. लोक नाकाला रुमाल लावून हसत होते. मी मैत्रिणींसोबत शाळेतून येत होते.

एकीनं विचारलं, "कोण हाय वं ते बाई?"

मी खाली पाहत म्हणाले, "मले काय माहीत."

याडीनं ऐकलं. ती अगदी जवळून चालली होती. तिनं मान दुसरीकडं वळवली. तीच मला ओळखत नसल्यासारखी. मडकं हललं, आणखी सांडलं.

सुटून घरी आल्यावर तिनं विचारलं, "जेवली का?" त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. आता बोलता येणार नाही.

"दाखव ना," मालक पुन्हा म्हणाले.

मी हात मागं घेतला.

"वास होता," मी म्हणाले. "त्याच्यापायी तिले मडकं डोक्यावर देऊन भर बाजारातून चालवलं. मी पाहत होती. हेही छापा त्याच्याखाली."

एका बाईनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. पाहुणा मालकांना म्हणाला, "अहो, गंमत केली. ही तर मनावरच घेते." दोघं वेटर दाराशी उभे होते. माझ्याच तांड्याचे. त्यांनी खाली पाहिलं. त्यांना मी दोष देत नाही. तसं खाली पाहणं मला माहीत आहे.

मी शेवटचं पान वेष्टनातून ओढून काढलं.

मालकांनी मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही. "तमाशा कायले करतं? रजा कोणं देल्ली होती तुले?"

"तुम्ही."

"मंग?"

"मंग काही नाही. तुम्हाले सांगतलेलं परत मागून राह्यली."

"उद्यापासून येऊ नको."

"येईन. अजून अकरा लिस्टा आहेत."

एसटीत मी माझा हात हुंगला. चामड्याचा वास येत होता. मोहाचा नाही.

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं फाटकातच अडवलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी फाटकाबाहेर उभी राहते. एकटीच. ते पान माझ्याजवळ आहे. गाड्या आत जाताना वेग कमी करतात. एखादी काच खाली होते, कोणी विचारतं, काय झालं बाई? मी सांगते. याडीनं दारू काढली ते सांगते. मडकं सांगते. माझी मान खाली होती तेही सांगते. काही जण मध्येच काच वर करतात.

आत अजून अकरा पानं आहेत. ती निघेपर्यंत मी इथून हलणार नाही.